पर्यायामागचे कारण : विधी प्रवेशपरीक्षा आणि अभ्यासगट

बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमात प्रवेश देण्यासाठी देशातील राष्ट्रीय विधी विद्यापीठे जी सामाईक परीक्षा घेतात, ती ‘क्लॅट’ या नावाने विद्यार्थ्यांमध्ये ओळखली जाते. दरवर्षी पन्नास हजारांहून अधिक विद्यार्थी या परीक्षेला बसतात आणि त्यातून सुमारे पंचवीस विद्यापीठांच्या काही हजार जागा भरल्या जातात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठे त्यांत येतात. दिल्लीचे राष्ट्रीय विधी विद्यापीठ मात्र ‘आयलेट’ ही स्वतंत्र परीक्षा घेते. या परीक्षांची तयारी मुख्यतः एकट्याने किंवा खासगी शिकवणीत करण्याची रीत आहे, आणि चार-पाच विद्यार्थ्यांनी मिळून केलेला अभ्यास हा बहुधा वेळेचा अपव्यय मानला जातो. तो तसा ठरू शकतो हे खरे. पण परीक्षेचे आजचे स्वरूप नीट पाहिले, तर तिच्यातील सर्वांत अवघड कौशल्य दुसऱ्यासमोर कारण मांडल्याशिवाय फारसे पक्के होत नाही, असे दिसून येते.

हे स्वरूप मुळात असे नव्हते. बंगळूरचे ‘नॅशनल लॉ स्कूल’ १९८८ मध्ये प्राध्यापक एन. आर. माधव मेनन यांच्या नेतृत्वाखाली पहिल्या तुकडीसह सुरू झाले आणि पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम प्रतिष्ठा पावला. त्यानंतर निरनिराळ्या राज्यांत तशीच विद्यापीठे निघाली, पण प्रत्येकाची प्रवेशपरीक्षा वेगळी, अर्ज वेगळा आणि शुल्कही वेगळे होते. एका परीक्षेसाठी भोपाळ आणि दुसरीसाठी कोलकाता गाठण्याची ही ओढाताण सर्वोच्च न्यायालयापुढे जनहित याचिकेच्या रूपाने गेली आणि तिच्या पाठोपाठ २००८ मध्ये पहिली सामाईक परीक्षा झाली. आरंभीची कित्येक वर्षे दोन तासांत दोनशे सुटे प्रश्न विचारले जात, आणि त्यांतील बरेच प्रश्न पाठांतराने सुटणारे असत : अमुक पुरस्कार कोणाला मिळाला, तमुक कलम कशाविषयी आहे, एखाद्या लॅटिन संज्ञेचा अर्थ काय. विद्यापीठांच्या महासंघाने २०२० च्या परीक्षेपासून ही पद्धत बदलली. प्रश्नांची संख्या आधी दीडशेवर आली, डिसेंबर २०२३ मध्ये झालेल्या परीक्षेपासून ती एकशेवीस झाली, आणि सुट्या प्रश्नांची जागा उताऱ्यांनी घेतली.

आता इंग्रजी, चालू घडामोडी, विधीविषयक तर्क, सामान्य तर्क आणि अंकगणितावर आधारलेली परिमाणात्मक तंत्रे असे पाच विभाग असतात, आणि प्रत्येक विभागात उतारा किंवा माहितीचा संच देऊन त्याखाली प्रश्न विचारले जातात. उतारा साधारण साडेचारशे शब्दांचा असल्याने विद्यार्थ्याला दोन तासांत इंग्रजीतील आठ-नऊ हजार शब्द वाचून एकशेवीस निर्णय घ्यावे लागतात. वाचन धरून एका प्रश्नाला एक मिनिट, असा हा हिशेब आहे. बरोबर उत्तराला एक गुण मिळतो आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण वजा होतो, याची विद्यार्थ्यांना अवास्तव धास्ती वाटते. चार पर्यायांपैकी एकही गाळता आला नाही, तरी अंदाजाने दिलेल्या उत्तराचे सरासरी मोल शून्याच्या किंचित वर, म्हणजे एका गुणाचा सोळावा भाग इतके असते. दोन पर्याय खात्रीने गाळता आले, तर ते तीन-अष्टमांश गुणापर्यंत चढते. म्हणजे या परीक्षेत गुण मिळतात ते बरोबर उत्तर ‘माहीत असण्या’पेक्षा चुकीचे पर्याय चुकीचे का आहेत हे ओळखण्याने, आणि ही ओळख कारणांवर उभी असते.

कारणे देण्याच्या बाबतीत माणूस एकटा असताना किती अडखळतो, हे मानसशास्त्रातील एका प्रसिद्ध प्रयोगाने दाखवले आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वॅसन यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या या कोड्यात टेबलावर चार कार्डे असतात. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर आणि दुसऱ्या बाजूला अंक असतो, आणि समोर दिसणाऱ्या बाजूंवर, समजा, ‘अ’, ‘क’, ‘४’ आणि ‘७’ आहेत. ‘कार्डाच्या एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो’ हा नियम खरा की खोटा हे ठरवण्यासाठी कोणती कार्डे उलटायला हवीत, एवढाच प्रश्न असतो. बहुतेक जण ‘अ’ आणि ‘४’ निवडतात. बरोबर उत्तर ‘अ’ आणि ‘७’ असे आहे, कारण ‘४’ च्या मागे काहीही निघाले तरी नियम मोडत नाही, पण ‘७’ च्या मागे स्वर निघाला तर तो मोडतो. नियमाला दुजोरा देणारा पुरावा शोधण्याकडे मनाचा ओढा असतो, नियम पाडू शकणारा पुरावा शोधण्याकडे नसतो, आणि ही खोड विधीविषयक तर्काच्या प्रश्नांत पदोपदी नडते.

डेव्हिड मॉशमन आणि मॉली गाइल या संशोधकांनी १९९८ मध्ये हेच कोडे अमेरिकेतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना घातले. एकेकट्याने सोडवणाऱ्यांपैकी ९ टक्के विद्यार्थी बरोबर ठरले. पाच-सहा जणांच्या गटांत चर्चा करून उत्तर ठरवणाऱ्यांपैकी ७५ टक्के गट बरोबर ठरले. गटातल्या एखाद्या हुशाराने उत्तर सांगितले आणि बाकीच्यांनी मान डोलावली, असा याचा अर्थ लावण्याचा मोह होतो. पण ज्या गटांतील एकानेही आधी स्वतंत्रपणे बरोबर निवड केलेली नव्हती, अशा काही गटांनीही चर्चेतून योग्य उत्तर गाठले होते. फ्रान्समधील ह्यूगो मर्सिए आणि डॅन स्पर्बर यांनी २०११ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार मानवी तर्कशक्ती मुळात वादासाठी, म्हणजे दुसऱ्याला पटवण्यासाठी आणि दुसऱ्याचे म्हणणे पारखण्यासाठी घडलेली आहे, आणि म्हणून ती एकांतात स्वतःच्या मताचीच भलामण करत बसते, तर समोर प्रतिपक्ष असला की तीक्ष्ण होते. हा सिद्धान्त सर्वच अभ्यासकांना मान्य नाही. तथापि वकिलीचा व्यवसाय दोन पक्षांच्या युक्तिवादावर उभा असताना त्या व्यवसायाच्या दाराशी असलेल्या परीक्षेची तयारी मात्र मूकपणे करावी, यातील विसंगती त्यामुळे ठळक होते.

विधीविषयक तर्काच्या विभागात उताऱ्यात एक किंवा अधिक तत्त्वे दिलेली असतात, प्रश्नात एक काल्पनिक प्रसंग असतो, आणि ते तत्त्व त्या प्रसंगाला लावून निष्कर्ष काढायचा असतो. कायद्याचे पूर्वज्ञान अपेक्षित नसते. उदाहरणादाखल, उताऱ्यात अपकृत्यविषयक कायद्यातील, म्हणजे एकाच्या दोषी वर्तनामुळे दुसऱ्याला पोचलेल्या हानीची भरपाई ठरवणाऱ्या दिवाणी कायद्यातील, दोन तत्त्वे आहेत असे धरता येईल. पहिले असे की, कार्यक्रमाच्या आयोजकाने प्रेक्षकांच्या सुरक्षिततेची वाजवी काळजी घेतली नाही, तर त्यातून झालेल्या इजेला तो जबाबदार असतो. दुसरे असे की, एखाद्या धोक्याचे स्वरूप जाणून जो तो स्वेच्छेने पत्करतो, त्याला त्या धोक्यातून झालेल्या इजेची भरपाई मागता येत नाही. प्रसंग असा : एका गावी बैलगाडा शर्यतीचे तिकीट काढून एक प्रेक्षक लाकडी गॅलरीत बसला, तिकिटामागे ‘प्रेक्षकांनी स्वतःच्या जबाबदारीवर बसावे’ असे छापलेले होते, गॅलरीच्या फळ्या कुजल्या आहेत हे आयोजकांना आधीच कळवलेले होते, ऐन शर्यतीत फळी मोडली आणि प्रेक्षकाचा पाय मोडला. त्याला भरपाई मिळेल काय?

या प्रश्नावर चार जण बसले, तर चार तऱ्हेच्या चुका टेबलावर येतात. एक जण म्हणतो, शर्यत धोक्याची असते हे प्रेक्षकाला ठाऊक होते, तेव्हा भरपाई नाही. येथे ‘धोका’ या एका शब्दाखाली दोन निराळे धोके एकत्र झालेले असतात, उधळलेल्या बैलांचा आणि कुजक्या फळीचा, आणि त्यांतला पहिलाच प्रेक्षकाने जाणून पत्करलेला होता. दुसरा तिकिटावरील सूचनेला धरून बसतो. त्याला तत्त्वातील ‘स्वरूप जाणून’ हे शब्द पुन्हा वाचायला लावावे लागतात, कारण मोघम सूचनेने कोणत्याही धोक्याचे स्वरूप कळत नाही. तिसरा सांगतो की बैलगाडा शर्यतींना परवानगी देणाऱ्या महाराष्ट्राच्या कायद्याला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मे २०२३ मध्ये वैध ठरवले आहे. ही माहिती अचूक आहे, चालू घडामोडींच्या विभागात ती उपयोगी पडू शकते, पण या प्रश्नाशी तिचा संबंध नाही, आणि बाहेरचे ज्ञान प्रश्नात घुसवण्याची ही सवय जास्त वाचणाऱ्या विद्यार्थ्यांनाच अधिक जडते. चौथ्याचे उत्तर बरोबर असते, पण कारण विचारले की तो ‘बिचाऱ्याचा पाय मोडला’ असे म्हणतो; पुढच्या प्रश्नात सहानुभूती आणि तत्त्व विरुद्ध दिशांना ओढू लागली की याच विद्यार्थ्याचा गुण जातो. एकट्याने उत्तरतालिका पडताळली असती, तर या चौथ्याने आपल्या उत्तरापुढे बरोबरची खूण करून पान उलटले असते. गटाचा सर्वांत मोठा लाभ बहुधा अशा विद्यार्थ्याला होतो, कारण चुकलेले उत्तर कधी ना कधी लक्षात येते, पण चुकीच्या कारणाने बरोबर आलेले उत्तर एकांतात कधीच उघडे पडत नाही.

एवढ्यावर न थांबता गटाने त्याच प्रसंगातील एकेक तथ्य बदलून पाहणे फलदायी ठरते. फळी न मोडता बैल कठडा ओलांडून आत घुसला असता तर? गॅलरीपाशी ‘फळ्या कुजलेल्या आहेत, चढू नये’ असा फलक असूनही प्रेक्षक चढला असता तर? चढणारा प्रेक्षक नसून आयोजकांनीच कामाला लावलेला मजूर असता, तर त्याची संमती ‘स्वेच्छेची’ म्हणता आली असती काय? हार्वर्डमध्ये ख्रिस्तोफर कोलंबस लँगडेल यांनी १८७० पासून जी अध्यापनपद्धती रुजवली, तिच्यात प्रत्यक्ष खटले समोर ठेवून विद्यार्थ्यांना प्रश्नांनी बोलते केले जाई, आणि तथ्ये बदलून तत्त्वाची हद्द तपासण्याची रीत जगभरातील विधी महाविद्यालयांत त्याच परंपरेतून पसरली. प्रवेशपरीक्षेच्या टप्प्यावर ती सवय लागली, तर पुढील पाच वर्षांची पायाभरणीही होऊन जाते.

मात्र एकत्र बसणे म्हणजे आपोआप शिकणे नव्हे, आणि याचेही पुरावे तितकेच भक्कम आहेत. बिब लाताने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये दाखवले की टाळ्या वाजवण्यासारख्या साध्या कामातही गट मोठा होईल तसा प्रत्येकाचा जोर घटतो. आपला वाटा वेगळा मोजला जाणार नाही, हे मनाने ताडलेले असते. स्मरणाच्या बाबतीत १९९७ मध्ये मेरी वेल्डन आणि क्रिस्टल बेलिंजर यांच्या प्रयोगात असे आढळले की एकत्र बसून आठवणाऱ्या गटाला जितके आठवते, त्याहून अधिक तितक्याच व्यक्तींना वेगवेगळे बसवून त्यांच्या आठवणींची बेरीज केल्यास मिळते, कारण एकाच्या बोलण्याने दुसऱ्याच्या आठवणीचा धागा तुटतो. म्हणून चालू घडामोडींसाठी गटाचा उपयोग वाचन वाटून घेण्यापुरता करावा : एकाने न्यायालयीन निर्णय, दुसऱ्याने अर्थकारण, तिसऱ्याने परराष्ट्र व्यवहार पाहावा आणि प्रत्येकाने पाच-सहा प्रश्न तयार करून आणावेत. त्या प्रश्नांची उत्तरे मात्र प्रत्येकाने आधी कागदावर, न बोलता लिहावीत. नुसते पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःला आठवायला लावल्याने मजकूर दीर्घकाळ टिकतो, हे हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखवून दिले आहे. परिमाणात्मक तंत्रांचे दहा-चौदा प्रश्न दहावीपर्यंतच्या गणितावर भागतात. ते ज्याचे त्याने सोडवावेत.

एकट्याने आणि एकत्र यांचा क्रम कसा असावा, याचे उत्तर कॅलिफोर्नियातील एका अभ्यासातून मिळते. बर्कली येथील विद्यापीठात यूरी ट्राइझमन यांनी १९७० च्या दशकात कलनशास्त्राच्या वर्गातील कृष्णवर्णीय आणि चिनी वंशाच्या अमेरिकन विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या सवयी जवळून पाहिल्या. कृष्णवर्णीय विद्यार्थी कष्टाळू होते, पण जवळजवळ सर्वच एकटे अभ्यास करत. चिनी वंशाचे विद्यार्थी आधी एकटे गणिते सोडवत आणि नंतर एकत्र जमून एकमेकांची उत्तरे तपासत. ट्राइझमन यांनी मागे पडणाऱ्यांसाठी सोप्या गणितांचे वर्ग काढले नाहीत. त्यांनी नेहमीपेक्षा अवघड गणितांवर गटाने काम करण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या, आणि त्यांत भाग घेणाऱ्या विद्यार्थ्यांची कामगिरी लक्षणीय सुधारली. कमी तयारीच्या विद्यार्थ्याला गटाची गरज असते ती आधारासाठी, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. या कार्यशाळांनी त्याला आव्हान मिळवून दिले, आणि त्याचीच त्याला अधिक गरज होती.

हाच क्रम अमेरिकेतील ‘एलसॅट’ या विधी प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्यांत वेगळ्या वाटेने रूढ झालेला आहे. १९४८ पासून चालू असलेली ही परीक्षा पदवीनंतरच्या विधी शिक्षणासाठी असते आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिच्यातून मांडणीच्या कोड्यांचा विभाग वगळल्यापासून ती जवळजवळ संपूर्णपणे तर्क आणि वाचन यांवर आली आहे. तेथील विद्यार्थी वेळ लावून सराव परीक्षा देतात, त्यानंतर उत्तरतालिका न उघडता शंका वाटलेले प्रश्न पुन्हा, या वेळी सावकाश, सोडवतात आणि मगच गुण मोजतात. याला ते ‘ब्लाइंड रिव्ह्यू’ म्हणतात. दोन फेऱ्यांतील फरकावरून चूक घाईने झाली की समजुतीत आहे हे कळते, आणि गटाने आपला वेळ या दुसऱ्या प्रकारच्या चुकांवर घालवायचा असतो. क्लॅटच्या अभ्यासगटानेही उत्तरतालिका सर्वांत शेवटी उघडावी. आधी प्रत्येकाने आपला पर्याय आणि त्याला आधार देणारी उताऱ्यातील ओळ सांगावी, मग मतभेद असलेल्या प्रश्नांवर वाद व्हावा.

उत्तरतालिकेलाही अंतिम प्रमाण मानू नये. डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या क्लॅटच्या उत्तरतालिकेविरुद्ध विद्यार्थी न्यायालयात गेले, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने दोन प्रश्नांच्या उत्तरांत चूक असल्याचे ठरवले, आणि पुढे मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानेही काही प्रश्नांच्या गुणदानात बदल करावा लागला. एका गुणावर शेकडो क्रमांक मागेपुढे होतात अशा परीक्षेत, छापलेले उत्तर का बरोबर आहे हे सांगता येण्याची ताकद विद्यार्थ्याकडे असणे म्हणूनच महत्त्वाचे आहे.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी गटाचे मोल आणखी एका कारणाने वाढते. क्लॅटची प्रश्नपत्रिका केवळ इंग्रजीत असते, आणि मोठ्या शिकवणी वर्गांतील चर्चाही बहुधा इंग्रजीत चालत असल्याने ज्याला मुद्दा कळला आहे असा विद्यार्थीही भाषेच्या संकोचाने गप्प राहतो. आपसांतील गटात उताऱ्यातील ओळ इंग्रजीत वाचून तिचा युक्तिवाद मराठीत करता येतो. त्यामुळे अडचण भाषेची आहे की तर्काची, हे वेगळे काढता येते, आणि तर्क पक्का झाल्यावर भाषेची अडचण अधिक वाचनाने सुटण्याजोगी उरते. शिकवणीची फी न परवडणाऱ्या कुटुंबांतील मुले या विद्यापीठांत फार थोडी पोचतात, ही खरोखर चिंतेची बाब आहे. प्राध्यापक शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘इडिया’ या उपक्रमात विधी महाविद्यालयांतील विद्यार्थीच अशा मुलांना तयारीसाठी मदत करतात. २०१९ मध्ये बशीर यांचे निधन झाल्यावरही ते काम चालू राहिले आहे. तालुक्याच्या गावी असा आधार नसला, तरी ग्रंथालयातील एक टेबल, महासंघाने प्रसिद्ध केलेल्या मागील प्रश्नपत्रिका आणि एकमेकांना ‘का?’ असे विचारू शकणारे तीन-चार सोबती एवढ्यावर बरेच काम होऊ शकते.

सोबत्यांची संख्या तीन ते पाच असावी. त्याहून अधिक झाली की कोणीतरी श्रोता बनतो. त्यांची तयारी थोडी कमी-जास्त असली तर चालते, पण वेळ पाळण्याबाबत सर्वांचे एकमत हवे. जो नेहमी आधी बोलतो त्याने काही प्रश्नांवर सर्वांत शेवटी बोलावे, असा नियम केला तर दबून राहणाऱ्यांचे तर्क बाहेर येतात. सराव परीक्षेचे गुण गटात जाहीर करण्यापेक्षा प्रत्येकाने चुकांची वही ठेवावी आणि तिच्यात चुकीचा प्रकार नोंदवावा : तथ्य चुकीचे वाचले, तत्त्वातील अपवाद सुटला, बाहेरचे ज्ञान वापरले, की वेळ संपला. सोबती हाच प्रतिस्पर्धी आहे, या शंकेनेही काही गट मोडतात. हजारो स्पर्धक असलेल्या परीक्षेत शेजारच्या तिघांना मागे ठेवून मिळणारा लाभ नगण्य असतो, आणि त्यांच्याशी वाद घालून मिळणारा लाभ प्रत्येक प्रश्नावर मिळत राहतो.

अलीकडे क्लॅट डिसेंबरच्या आरंभी, रविवारी दुपारी दोन ते चार या वेळेत होत आली आहे, आणि त्या सुमारास बारावीच्या मंडळाच्या परीक्षेचा अभ्यासही ऐन भरात असतो. म्हणून शेवटच्या महिन्यात गटाच्या बैठका आठवड्याला एकच ठेवून ती रविवारीच घ्यावी : दुपारी दोनला सर्वांनी एकाच खोलीत, एक शब्द न बोलता पूर्ण प्रश्नपत्रिका सोडवावी आणि चर्चेसाठी संध्याकाळ राखावी. त्यानंतर उन्हाळ्याच्या सुमारास होणारी राज्याची ‘सीईटी’ राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत संगणकावर घेतली जाते. तिच्यात चुकलेल्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत आणि प्रश्न मराठीतही वाचता येतात. पुण्याचे आयएलएस किंवा मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय गाठू पाहणाऱ्या गटाने डिसेंबरनंतर विखुरण्याऐवजी या परीक्षेसाठी वेगळी सवय लावून घ्यावी, म्हणजे वेळ संपण्यापूर्वीची शेवटची दोन मिनिटे राखून ठेवावीत आणि एकही प्रश्न कोरा सोडू नये.